सगळं धरून

"भांडायचं नाही म्हणून आलोय ना आपण इथे? मग दारातच कशाला सुरू केलंत?"

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई आपल्या यजमानांवर पुटपुटत होत्या. इतक्या जवळून, की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास मला येत होता.

"बँड घट्ट बसलाय, एवढंच म्हणालो मी."

"बँड घट्ट नाही. हात सुजलाय तुमचा. सकाळची गोळी घेतली नाहीत."

"तू दिली नाहीस."

"वाटण्या करायला आलोय आपण. अजून गोळ्या मीच द्यायच्या?"

मी वळून पाहिलं नाही. माझ्या पुढे व्हीलचेअरमध्ये आई होती आणि काउंटरवरची मुलगी तिच्या मनगटावर तसाच करडा बँड बांधत होती.

"हे आंघोळीला काढायचं का?" आईनं विचारलं.

"नाही आजी, राहू दे."

"मग हाताला वास मारेल."

स्वागताचं सरबत आलं. सगळ्यांनी घेतलं. पाव तासानं पाहिलं तर मागच्या बाई सोफ्यावर बसून यजमानांचा सुजलेला हात मांडीवर घेऊन चोळत होत्या, आणि ते त्यांना समोरच्या सुरूच्या झाडांबद्दल काहीतरी सांगत होते. आईनं रिकामा पेला माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "बरं होतं."

दुसऱ्या कुणी केलेल्या पदार्थाला माझ्या आईनं बरं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. खरं तर मला धसकाच बसायला हवा होता. पण माझाही पेला रिकामा झाला होता.

हे रिसॉर्ट शोधलं हृषीनं, माझ्या धाकट्या भावानं. रत्नागिरीच्या खाली, एका खाडीच्या तोंडाशी. बुकिंगच्या आधी आम्ही सगळं नीट विचारून घेतलं होतं. व्हीलचेअर वाळूत चालते का? चालते, रुंद चाकांची असते. गरम पाणी दिवसभर असतं का? असतं. आईला मऊ भात मिळेल का, रात्री हाक मारली तर बाई येईल का, न्यायला-आणायला गाडी तुमचीच का? सगळ्याला हो. "ताई, आमच्याकडे सगळं धरूनच असतं," फोनवरची मुलगी म्हणाली. त्या सगळ्यात आम्हीही धरलेले आहोत का, हे विचारायचं काही सुचलं नाही.

निवळी त्यांनी लपवलेली नव्हती. उलट जाहिरातच तिची होती: 'इथे कुणी भांडत नाही.' निवळी म्हणजे काय हे मी माझ्यापुरतं समजूनही घेतलं होतं. मी कराडला ब्लाउज शिवते. शाळा दहावीनंतर सुटली, पण मशीन चालू असताना कान रिकामे असतात. मी व्याख्यानं ऐकते. बायका गाणी लावतात, तसं.

तर आपल्या डोक्यात, कानाच्या आतल्या अंगाला, बदामाएवढी एक गाठ असते. धोका दिसला की ती घंटा बडवते. मग मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी रक्तात रसायनं सोडतात, छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. समोर साप असो नाहीतर नणंदेचा फोन, घंटा एकच. काही थोड्या माणसांची ही घंटा जन्मभर हळूच वाजते, आणि त्यांच्या आतड्यातले जंतू एक बारीकसं प्रथिन तयार करत असतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या प्रथिनाची कृती यीस्टला शिकवली. मग इडलीचं पीठ फुगावं तशा मोठमोठ्या टाक्या फुगू लागल्या. या प्रथिनानं घंटा बंद पडत नाही, तिच्यावर गोधडी पडते. घराला आग लागली आहे हे माणसाला कळतं. तो धावत सुटत नाही, इतकंच.

झोप येत नाही, जीभ जड होत नाही, चटक लागत नाही. अर्ध्या दिवसात शरीर त्याचा निकाल लावतं, म्हणून ते जेवणातून, चहातून, सरबतातून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. फक्त साध्या पाण्यात घालायला बंदी आहे. मनगटावरचा बँड घामातून ताण मोजतो आणि स्वयंपाकघराला कळवतो. कुणाच्या आमटीत किती, ते तिथे ठरतं. नाव ठेवणारा मात्र आपल्यातलाच असणार. पूर्वी गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळत, की गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ व्हायचं. माझी आत्या उगाळायची, आणि हंड्याला धक्का लावू नका म्हणून आम्हाला दटावायची.

सुरुवातीला लोक तिथे नुसते आरामाला जायचे. मग वकिलांच्या ते लक्षात आलं. सही करताना माणसाच्या मनावर काडीचा ताण नव्हता, हे बँडची नोंद दाखवून सिद्ध करता येतं. भीती नाही, राग नाही, म्हणजे दबावही नाही. कोर्टानं 'शांत संमती' मान्य केली आणि वाटण्या, मृत्युपत्रं, घटस्फोट सगळं समुद्रकाठी व्हायला लागलं. लोक सकाळी संसार मोडायचे आणि संध्याकाळी त्याच जोडीदाराबरोबर बॅडमिंटन खेळायचे.

आम्ही गेलो होतो सांभाळ-करारासाठी. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एक नोंदलेला सांभाळकर्ता असावा लागतो, हा कायदा तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. सांभाळकर्त्यानं त्याच छपराखाली राहायचं आणि बदली माणूस दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. एकदा नाव लागलं की समोरचं माणूस आहे तोवर ते निघत नाही. आईसाठी आजवर हृषी आणि मी अशी दोघांची हंगामी नावं होती. आता हृषीला कंपनी कायमची सिंगापूरला पाठवत होती, म्हणून एकच नाव ठरवणं भाग होतं.

ते कुणाचं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बाबा गेल्यावर आईची डावी बाजू गेली, तेव्हापासून मीच तिला उठवते, बसवते, संडासला नेते, तिचं ऐकून घेते आणि तिला ऐकवतेही. माझं लग्न झालं नाही. आधी जमलं नाही, मग कुणी विषय काढला नाही. 'वैजूताई आहे ना' हे वाक्य आमच्या घरात पंख्याच्या घरघरीसारखं झालं होतं. चालू असतं, ऐकू येत नाही.

करारासाठी दोन होकार लागतात, मध्ये एक मोकळा दिवस. आमच्या वेळी लग्नाच्या मुलीलासुद्धा दोनदा विचारत नसत.

पहिली बैठक पोचलो त्याच दिवशी झाली, चहानंतर. समुद्राकडे तोंड केलेली काचेची खोली होती. श्रावणी नावाची तिथली समन्वयक मुलगी लिंबू रंगाची साडी नेसून बसली होती. हृषी आणि त्याची बायको पल्लवी एका बाजूला, मी आणि आई दुसऱ्या. आईच्या हातात शिऱ्याची बशी होती.

"वैजयंतीताई, आईंचा सांभाळ आपण कायमचा स्वीकारता का?" श्रावणीनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "आनंदानं."

ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मला खरंच आनंद वाटत होता. समुद्र होता, शिऱ्याला वेलदोड्याचा वास होता, आई बशी चाटूनपुसून खात होती. हृषीनं माझा हात धरला. पल्लवी म्हणाली, "वैजूताई, तुम्ही म्हणजे ना..." आणि पुढचा शब्द न मिळाल्यामुळे हसली.

त्याच संध्याकाळी मी मृदुलाला कळवून टाकलं. मृदुला माझी शाळेतली मैत्रीण. सावंतवाडीला तिचा बायकांचा शिवणकारखाना आहे. कटिंगचा सगळा विभाग तू येऊन सांभाळ, वर खोली आहे, असं ती मला कधीपासून म्हणत होती, आणि मी कधीपासून उत्तर टाळत होते. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तिला लिहिलं, 'नाही जमणार गं. पण मजेत आहे.' पुढे हसरा चेहराही टाकला.

दुसरा दिवस सुंदर गेला. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्या जागेवर अन्याय होईल. रात्री आईजवळ तिथली बाई झोपली आणि मी दार लावून, पाय ताणून सकाळपर्यंत झोपले. कितीतरी वर्षांत अशी झोपले नव्हते. सकाळी हृषीनं रुंद चाकांची खुर्ची थेट पाण्यात नेली. आईच्या पावलांवरून फेस गेला तशी ती खुदखुदून हसली.

"हृष्या, दोन्ही पाय गार पडले बघ."

डाव्या पायाला तिला काही कळत नाही. पण आमच्यापैकी कुणी बोललं नाही. हृषी गुडघाभर पाण्यात उभा राहून लहानपणी आपण पोहायला शिकताना विहिरीत कसे ओरडायचो ते पल्लवीला सांगत होता. असा भाऊ मला बऱ्याच दिवसांनी दिसला. दुपारी आम्ही चौघं पत्ते खेळलो. आईनं पानं लपवली आणि कुणी तिला पकडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आईची कूस बदलायला गेले, तर ती म्हणाली, "वैजू, आज संकष्टी."

मी विसरले होते. ती विसरत नाही. झटका आला त्या महिन्यातसुद्धा तिनं चतुर्थी सोडली नव्हती. नळीतून पेज जात होती, तर डॉक्टरांना खुणेनं विचारलं होतं, वरईची का.

"बुफेत उपासाचं वेगळं टेबल आहे," मी म्हणाले. "साबुदाणा आहे, बटाटा आहे."

"बघितलंय मी काल. ज्या झाऱ्यानं अंडी उलटतात तोच झारा खिचडीच्या टेबलावर होता. तू खा हवं तर."

"मग तू काय खाणार?"

"माझ्या त्या पुड्यात हात घाल."

पुडा म्हणजे तिच्या डायपरचा पुडा. बाहेरचं खाणं आणायला बंदी म्हणून गेटवर आमच्या सगळ्या बॅगा उघडून पाहिल्या होत्या. डायपरमध्ये कुणी हात घातला नव्हता. आत खजूर, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा होता.

"हे कधी भरलंस? आणि एका हातानं?"

"तू गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस तेव्हा. चार लाडू मोडले."

मग मीही उपास धरला. एकीनं खायचं आणि दुसरीनं बुफेत जायचं, बरं दिसत नाही. आम्ही पडदा ओढून चोरासारखे लाडू खाल्ले, वर साधं पाणी प्यालो. चहा मात्र आईनं नाकारला, म्हणून मीही नाकारला. त्यामागे काही विचार होता, असं नाही. पण आदल्या रात्रीच्या जेवणानंतर आमच्या पोटात निवळीचा कणही गेला नाही.

आधी माझा उजवा खांदा दुखायला लागला. आईला उचलून उचलून तो कायमच दुखतो. दोन दिवस तो दुखत नव्हता, हेच मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मग समुद्राचा आवाज मोठा झाला. मी आईला कॉटवरून खुर्चीत घेत होते, तेवढ्यात ती खेकसली.

"हळू. गोणी आहे का मी?"

"गोणी निदान गप्प असते."

आई माझ्याकडे बघत राहिली. तोंडाच्या चांगल्या बाजूनं जराशी हसली.

"आता कसं, घरी आल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

मी पाण्याची बाटली भरून आणायला जेवणघराकडे गेले. लवंगवाल्या बाई यजमानांबरोबर श्रीखंड-पुरी खात होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली.

"आमचं झालं सगळं," त्या म्हणाल्या. "घर यांच्याकडे. मी मुलीकडे जाणार, नाशिकला. इतकं छान झालं, बघा. आवाजसुद्धा चढला नाही कुणाचा."

"परवापासून काय कराल?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी यावर विचार केला. एखाद्या दूरच्या नातेवाइकाचं नाव आठवावं तसा. "ते घरी गेल्यावर बघू," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता पर्समधून एक गोळी काढून त्यांनी यजमानांच्या ताटाजवळ ठेवली. यजमानांनी ती घेतली. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. 

बाहेर येऊन सुरूच्या झाडाखाली बसले आणि फोन उघडला. मृदुलाचं उत्तर आदल्या दिवशीच आलेलं होतं. 'बरं.' मी ते तेव्हा वाचलंही होतं आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मृदुला एका शब्दात थांबणारी बाई नाही. आता मला तो 'आनंदानं' आठवला. माझ्याच आवाजात. मी तो शब्द उच्चारला तेव्हा तो खरा होता, आणि मी आत्ता जी बसले होते तीही खरीच होती. संध्याकाळी ते मला पुन्हा विचारणार होते. पुन्हा हो म्हटलं की मृदुलाच्या खोलीला, दार लावून झोपण्याला, सगळ्यालाच कुलूप. कुणी जबरदस्ती केली, असं मला पुढे कधी म्हणताही आलं नसतं.

हृषीनं दुसऱ्या बैठकीची वेळ अ‍ॅपवरून घेतली होती. सूर्यास्ताची वेळ मिळते का, एवढंच त्यानं पाहिलं होतं. तिथी बघायचं त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

बैठकीच्या आधी पल्लवी आमच्या खोलीत आली. हातात ट्रे, त्यावर लाल पेले.

"कोकम आहे. उपासाला चालतं, मी विचारून आणलंय," ती म्हणाली. "तुम्ही दोघींनी सकाळपासून काहीच घेतलं नाहीत म्हणे. त्यांच्याकडे दिसतं ते."

"काय काय दिसतं त्यांच्याकडे?"

पल्लवी कॉटच्या कडेला बसली. ती वाईट नाही. आईला दर दिवाळीला स्वतः निवडून साडी आणते, दुकानातून कुरिअर करत नाही.

"वैजूताई, घ्या ना थोडं. सगळ्यांनाच सोपं जाईल. तुम्हाला माहीतच आहे आमच्याकडे कसं असतं ते. ह्यांच्या वेळा, माझ्या वेळा. आणि तिकडची घरं एवढीशी."

"मी काही म्हटलं का?"

"नाही. तेच म्हणतेय. म्हणू नका." ती गोड हसली. तिच्या बँडवरचा दिवा हिरवा होता. "इथे किती छान चाललंय."

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं पेल्याला हात लावला नाही. मीही लावला नाही, पण ट्रे परतही केला नाही. पल्लवीनं तो तसाच बैठकीच्या खोलीत आणला.

श्रावणी आज निळ्या साडीत होती. समोर सूर्य टेकायला आला होता आणि काचेतून सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते. तिनं टॅबच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हृषीकेशसर, दोन बँड नारिंगी दाखवतायत."

"म्हणजे?" हृषीनं विचारलं.

"म्हणजे मन स्थिर नाही. अशा वेळी होकार नोंदवता येत नाही."

"आणि नकार?" मी विचारलं.

"नकारही नाही, ताई. काहीच नोंदवता येत नाही."

"म्हणजे आत्ता मी काही बोलले तर ते बोललेच नाही, असं?"

"नोंदीच्या दृष्टीनं, हो." श्रावणीनं माझ्याकडे जराशा कुतूहलानं पाहिलं. हा प्रश्न तिला बहुधा कुणी विचारला नसावा. "पण काळजी नको. आपण थोडं थांबू, सरबत घेऊ. मग दिवा हिरवा होतो आणि आपण पुढे जातो."

"वैजूताई, काय झालं?" हृषी म्हणाला. "परवा तर किती छान म्हणालीस."

"आज संकष्टी आहे."

"मग? उपासाचं टेबल होतं की. पाटी लावलेली."

"झारा एकच होता," आई म्हणाली.

"आई, झाऱ्यावर काय अडलंय?"

त्याच्या आवाजात कुठेही धार नव्हती. त्याच्यावर चिडावं म्हटलं तर पकडायला काही सापडेना. हाच हृषी घरी असता तर एव्हाना उठून गॅलरीत गेला असता, सिगारेट नसताना खिसे चाचपले असते, परत येऊन म्हणाला असता, ताई मी काय करू सांग. त्या हृषीशी मला बोलता आलं असतं. हा आपला माझ्याकडे प्रेमानं बघत होता आणि तिकिटांचं बुकिंग झालेलं होतं.

"घे ना थोडं," तो म्हणाला. "तुलाच बरं वाटेल."

हे मात्र खरं होतं. मी पेला उचलला. कोकम थंडगार होतं, पेल्याला बाहेरून घाम आला होता. दोन घोट घेतले की खांदा दुखायचा थांबणार होता. मृदुलाचा 'बरं' पुन्हा नुसता बरं होणार होता. मी आनंदानं म्हणणार होते, आणि तो आनंद पुन्हा खराच असणार होता. पुढची सगळी वर्षं मात्र सरबताशिवायची होती. कराडला, तिसऱ्या मजल्यावर.

पेला ओठांपर्यंत आला.

"वैजू, ठेव ते खाली," आई म्हणाली.

"आई, तू मध्ये..." हृषी म्हणाला.

"मध्ये कशी? माझंच चाललंय ना सगळं? दोन बैठका झाल्या, मला कुणी विचारलं का?"

"आजी, तुमचाही बँड नारिंगी आहे," श्रावणी हळूच म्हणाली. "तुम्ही बोललेलं..."

"धरत नाहीत. ऐकलं मी. कान शाबूत आहेत. नकोच धरू." आई बोलताना थांबत होती. एका बाजूच्या ओठातून शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, आणि घरी मी पुष्कळदा तिचं वाक्य पुरं करून टाकते. आज मी थांबले. "हृष्या, ही पहाटे माझ्या खोलीत येते. रोज. दूध तापवायच्या आधी. माझ्या उशाशी उभी राहते आणि माझी छाती हलते का बघते."

 माझ्या हातातला पेला पल्लवीनं अलगद धरला.

"काळजीनं येत असेल गं," हृषी म्हणाला.

"तिला वाटतं मी झोपलेय. मला कुठली आलीय झोप. मी डोळे किलकिले करून बघते. छाती हलताना दिसली, की हिचे खांदे असे होतात." आईनं आपला एकच चालणारा खांदा खाली टाकला. पूर्ण सैल नव्हे. पाण्याची घागर पुन्हा उचलायची आहे हे कळल्यावर होतो, तसा.

 हृषीच्या बँडवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि पुन्हा स्थिर झाला.

"आई, असं नसतं," तो म्हणाला. "तू उगाच मनाला लावून घेतेस."

"मनाला कशाला लावू? सुटल्याचे खांदे वेगळे आणि अडकल्याचे वेगळे. मला कळतात ते. तुझ्या आजीचं आठ वर्षं केलं मी. मी पण जायची पहाटे तिच्या खोलीत. माझेही असेच व्हायचे." ती दम घ्यायला थांबली. "मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांना नाही, कुणालाच नाही. सगळे म्हणायचे, काय सेवा करते. मी आपली मान खाली घालून ऐकायची."

श्रावणीनं पडद्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता.

मी आईकडे बघू शकत नव्हते. तिच्या गुडघ्यांवरच्या शालीकडे बघत होते. सकाळी मीच ती तिच्या पायांभोवती खोचली होती, जरा रागानं, त्यामुळे एक टोक बाहेर राहिलं होतं.

"बोल आता," आई मला म्हणाली. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती म्हणा, भाजी निवडताना बोलते तसं बोलली. "कुणी लिहून घेत नाहीये."

"वैजूताई," पल्लवी म्हणाली, "आपण उद्याची वेळ मागू या का?"

 हृषी माझ्याकडे बघत होता, शांत, कपाळावर एकही आठी नसलेला. पण त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला होता आणि तिथेच थांबला होता.

मी खाली वाकून शालीचं टोक आत खोचलं. मग तिच्या खुर्चीसमोर तशीच बसून राहिले, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"आई," मी म्हणाले, "मला आता तुला सांभाळायचं नाही."